स्वतःची खुर्ची घेऊन या

जानेवारी महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाबाहेर वाळवंटात शिरणारी एखादी कच्ची वाट धरली, की वळणावळणावर जेवणाच्या कागदी प्लेटा दिसायला लागतात. खुंटीला ठोकलेल्या, तारेला अडकवलेल्या. प्रत्येकीवर जाड मार्करनं लिहिलेलं एखादं आडनाव किंवा एखाद्या गटाचं नाव, आणि खाली बाण. पुढच्या फाट्यावर तेच नाव, पुन्हा बाण. इथल्या वाटांना नावं नाहीत, जागांना नंबर नाहीत, आणि ज्याला शोधायचं तो गेल्या आठवड्यापर्यंत दुसऱ्याच राज्यात होता. मित्राचं घर सापडायचं असेल, तर मित्रानं आधी वाटेवर प्लेटा लावून ठेवायला हव्यात.

घर म्हणजे इथे आरव्ही. कुणाची एसटीएवढी लांबलचक मोटरहोम, कुणाचा पिकअप ट्रकला जोडून ओढत आणलेला ट्रेलर, कुणाची जुनी मालवाहू व्हॅन, आत गादी आणि गॅसची शेगडी बसवलेली. २०२०च्या जनगणनेनुसार क्वार्ट्झसाइटची वस्ती २,४१३ माणसांची. हिवाळ्यात मात्र गावात आणि भोवतालच्या वाळवंटात येऊन जाणाऱ्यांचा हिशेब लाखांत करतात. एप्रिल सरता सरता ही सगळी माणसं चाकांवरून निघून जातात आणि गाव पुन्हा दोन-अडीच हजारांचं होतं.

या गर्दीची छायाचित्रं पुष्कळ छापून आली आहेत. विमानातून काढलेली, तपकिरी जमिनीवर पांढऱ्या गाड्यांचे हजारो ठिपके. त्या ठिपक्यांमधली येजा छायाचित्रात दिसत नाही, आणि मला त्या येजेतच रस आहे. ज्यांच्यातल्या अनेकांना कायमचा पत्ता नाही, शेजार नाही, बहुतेकांची मुलंबाळं दूर आहेत, अशी साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं वर्षातून एकदा हजारो किलोमीटर गाडी हाकत एका ओसाड माळावर येतात, आणि त्यांच्या येण्याचं मुख्य कारण असतं की तिथे अमका भेटेल, तमकी भेटेल. मैत्री टिकवण्यासाठी काय काय उभारावं लागतं, हे या माळावर उघड्यावर पाहायला मिळतं.

पाण्यापाशी थांबलेलं गाव

क्वार्ट्झसाइट दोन महामार्गांच्या चौफुलीवर आहे. पूर्व-पश्चिम जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० आणि उत्तर-दक्षिण जाणारा ९५. पूर्वेला प्लोमोसा डोंगर, पश्चिमेला डोम रॉक डोंगर, मध्ये सपाट खडकाळ माळ. सुमारे ३५ किलोमीटर पश्चिमेला कोलोरॅडो नदी आणि तिच्या पलीकडे कॅलिफोर्नियातलं ब्लाइद शहर. फीनिक्स दोनेकशे किलोमीटर पूर्वेला. झाडं म्हणाल तर क्रिओसोटची खुरटी झुडपं, पालो व्हर्दे, आयर्नवूड, छडीसारख्या फांद्यांचं ओकोटिओ आणि हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग. जानेवारीत दुपारचं तापमान अठरा-वीस अंशांवर असतं, रात्री तीन-चारपर्यंत उतरतं. जुलैत पारा पंचेचाळिशीला भिडतो. गावाचं सगळं अर्थकारण या दोन ऋतूंमधल्या फरकावर चालतं.

माणसं इथून पूर्वीपासून जात-येत आली आहेत. गावाच्या उत्तरेला प्लोमोसा रस्त्यालगत जमिनीवरचे गडद दगड बाजूला सारून खालच्या फिकट मातीत काढलेली एक जुनी आकृती आहे, हातात भाला घेतलेल्या मासेमाराची. इथल्या मूळ रहिवाशांनी ती काढली. नदीकाठचे मोहावी आणि चेमेहुएवी लोक आजही पार्करजवळच्या त्यांच्या राखीव प्रदेशात राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चार्ल्स टायसन नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्यानं इथे ठाणं मांडलं, विहीर खणली. वाळवंटात पाणी लागलं म्हणजे थांबा आलाच. १८६६च्या सुमारास घोड्यांच्या टपालगाड्यांसाठी मातीच्या विटांचं स्थानक उभं राहिलं. ते अजून आहे, त्यात गावाचं छोटं संग्रहालय आहे. आल्या-गेल्याला पाणी द्यायचं, हा या गावाचा मूळ धंदा. आजही इथे गाळलेलं पाणी विकणारी दुकानं रस्त्याकडेला आहेत, आणि पुढे रिकामे कॅन घेऊन उभी असलेली माणसं आहेत.

गावाच्या स्मशानभूमीत एक छोटा पिरॅमिड आहे, क्वार्ट्झ आणि अश्मीभूत लाकडाच्या तुकड्यांनी बांधलेला. माथ्यावर धातूचा उंट. तिथे हाजी अली नावाचा माणूस पुरलेला आहे. अमेरिकी सैन्यानं नैर्ऋत्येच्या कोरड्या प्रदेशात सामान वाहायला उंट वापरून पाहायचं ठरवलं. जेफरसन डेव्हिस तेव्हा युद्धमंत्री होता. १८५५मध्ये काँग्रेसनं त्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. १८५६मध्ये उंटांची पहिली तुकडी टेक्सासच्या किनाऱ्याला लागली आणि उंटांबरोबर त्यांना सांभाळणारे भूमध्य समुद्राकाठचे उंटवालेही उतरले. हाजी अली त्यातला एक. सैनिकांच्या तोंडी त्याचं हाय जॉली झालं. पुढच्या वर्षी एडवर्ड बील याच्या रस्ता-मोजणीच्या मोहिमेत तो होता. यादवी युद्धाच्या धामधुमीत उंटांचा प्रयोग बारगळला, उंट विकले गेले, काही मोकळे सोडले. हाय जॉली मात्र परत गेला नाही. सामान वाहून, खनिजं शोधून त्यानं या प्रदेशातच आयुष्य काढलं आणि १९०२ साली क्वार्ट्झसाइटमध्ये तो वारला. १९३५मध्ये राज्याच्या महामार्ग खात्यानं त्याच्या थडग्यावर हा पिरॅमिड बांधला. फिरत्या माणसांच्या गावानं आपली सर्वांत मोठी खूण म्हणून एका परदेशी, फिरत्या माणसाची कबर जपली आहे, हे मला फार योग्य वाटतं.

चौदा दिवसांचा नियम

एवढी माणसं उतरतात कुणाच्या जमिनीवर? सरकारच्या. अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रचंड सार्वजनिक जमीन आहे आणि तिचा कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे केंद्रीय खातं पाहतं. बहुतेक मोकळ्या जमिनीवर कुणीही फुकट मुक्काम करू शकतो, पण अठ्ठावीस दिवसांच्या काळात जास्तीत जास्त चौदा दिवस. त्यानंतर निदान पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर दूर जायचं.

साठ-सत्तरच्या दशकात निवृत्त लोकांचे हिवाळी तांडे वाढले. १९६७मध्ये गावातल्या सुधारणा मंडळानं दगड आणि खनिजांचं प्रदर्शन सुरू केलं. त्याला पाव-वाव म्हणतात. हौशी दगडवेचे, अगेट आणि क्वार्ट्झ घासून चकचकीत करणारे, दागिने घडवणारे लोक त्यासाठी देशभरातून यायला लागले. पुढे आरव्हींचं मोठं प्रदर्शन आलं, जुन्या सामानाचे बाजार आले. वाळवंटाची जमीन मात्र नाजूक असते. वर बसलेला दगडगोट्यांचा थर एकदा चाकांखाली मोडला की पिढ्यान्‌पिढ्या सांधत नाही. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन याच्या रणगाड्यांनी सरावाच्या वेळी उठवलेल्या खुणा या प्रदेशात अजून दिसतात. म्हणून १९८३मध्ये बीएलएमनं ठरावीक जागा आखून दिल्या आणि तिथे हंगामभर राहण्याची परवानगी दिली. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेची ला पोसा ही त्यातली मोठी जागा, सुमारे ११,४०० एकर. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. हंगामभराच्या परवान्याला अनेक वर्षं १८० डॉलर आणि दोन आठवड्यांच्या परवान्याला ४० डॉलर पडत. त्या बदल्यात पाण्याचे नळ, कचऱ्याच्या पेट्या आणि सांडपाणी रिकामं करायची सोय. वीज नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. दोन बिऱ्हाडांत निदान पंधरा फुटांचं अंतर ठेवायचं.

नियम जमीन वाचवायला केलेले, पण त्यांच्यामुळे इथल्या मैत्रीला एक घडण आली. हंगामाचा परवाना घेणारे लोक ला पोसात ठाण मांडतात, वर्षानुवर्षं त्याच झुडपाशेजारी, त्याच ओघळाच्या काठाला. दारासमोर दगडांनी आखलेलं अंगण होतं, चूल मांडली जाते, कुंपणाला रंगीत दिव्यांची माळ लागते. चौदा दिवसांवाले गावाभोवतीच्या फुकट जागांवर उतरतात आणि मुदत संपली की निघतात. म्हणजे यजमान आणि पाहुणे अशी वाटणी आपोआप होते. पाहुण्याला माहीत असतं की दिवस मोजके आहेत. यजमानाला माहीत असतं की हा कोणत्या आठवड्यात येणार. ‘या कधीतरी’ असं इथे कुणी म्हणत नाही. तारीख ठरते, पाव-वावचा आठवडा ठरतो, कोणत्या मैलदगडापासून आत वळायचं ते ठरतं.

भेटीचा व्यवहार

आरव्हीत राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे येतात तेव्हा त्याच्याकडे काय असतं, हे समजून घ्यायला हवं. गोड्या पाण्याची टाकी, मध्यम गाडीत दीड-दोनशे लिटरची. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साठवणारी दुसरी टाकी, संडासाची तिसरी. टपावर सौर पॅनेल, पोटात बॅटऱ्या, स्वयंपाकाला प्रोपेन गॅस. पहिली टाकी रिकामी झाली किंवा बाकीच्या भरल्या की बिऱ्हाड हलवून टाक्या रिकाम्या करायला जावं लागतं, किंवा मैला उपसणाऱ्या टँकरला पैसे द्यावे लागतात. म्हणून अंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, पुन्हा क्षणभर नळ. भांडी आधी कागदानं पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीनं धुवायची. अशा घरी चार माणसं जेवायला येणं ही यजमानाच्या पाण्याची परीक्षा असते.

त्यातून रीत तयार झाली आहे. पाहुणा आपलं पाणी आपण आणतो. आपली ताटली, आपला पेला, आपला काटा-चमचा आणतो आणि खरकट्यासह परत नेतो. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. आणि आमंत्रणात हमखास एक वाक्य असतं: स्वतःची खुर्ची घेऊन या. घडीची, कापडी बैठकीची खुर्ची. चाकांवरच्या घरात दोनच खुर्च्या मावतात. दहा माणसांची बैठक व्हायची, तर दहा खुर्च्या दहा गाड्यांतून यायला हव्यात. दुपारी चारच्या सुमाराला माळावर हे दृश्य सगळीकडे दिसतं: काखेत खुर्ची, हातात झाकलेलं भांडं, बरोबर कुत्रा, आणि मावळतीकडे निघालेली माणसं. जानेवारीत सूर्य सहाच्या आत जातो. अंधार पडला की शेकोटी, कुठे गिटार, कुठे नुसत्या गप्पा. कुणाचा इन्व्हर्टर बिघडला, कुणाच्या टपाची गळती कशी बुजवली, उन्हाळ्यात कुणी कुठल्या राष्ट्रीय उद्यानात काम केलं.

या पाहुणचारात मला एक मोठी समज दिसते. आपल्याकडे पाहुणचाराचा भार सगळा यजमानावर, त्यातही घरातल्या बाईवर असतो. म्हणून वय झालं, हातपाय थकले की पाहुणे बोलावणं बंद होतं आणि त्याबरोबर माणसं तुटतात. इथे भार वाटून घेतला आहे. सत्तरीच्या एकट्या बाईला चार चौरस मीटरच्या व्हॅनमध्ये राहून पंधरा जणांना बोलावता येतं, कारण तिनं द्यायची ती फक्त शेकोटीभोवतीची जागा.

भेटीला कामाचीही जोड असते. एकमेकांच्या टपावर चढून पॅनेल बसवून देणं, गाडी मागे घेताना दिशा दाखवणं, बसलेल्या बॅटरीला आपल्या गाडीच्या बॅटरीनं चालना देणं हे रोजचं. मग सहली. दगड वेचायला प्लोमोसाच्या ओढ्यांत जायचं. दक्षिणेला कोफा अभयारण्यात, जिथे एका अरुंद घळीत रानटी ताडाची झाडं उगवली आहेत, तिथे डबा घेऊन जायचं. आणि एक सहल पुष्कळ जण करतात: सव्वाशे-दीडशे किलोमीटर दक्षिणेला, यूमाच्या पुढे सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस गावी. ते दातांच्या डॉक्टरांचं आणि चष्म्यांच्या दुकानांचं गाव आहे. अमेरिकेत दातांचा खर्च सरकारी ज्येष्ठ नागरिक विम्यात सहसा बसत नाही, म्हणून म्हातारी माणसं जोडीनं, चौघाचौघांनी जातात, एक खुर्चीवर बसला की दुसरा बाहेर थांबतो. दात काढून आलेल्या मित्राला घरी आणून सूप करून देणं, हीसुद्धा क्वार्ट्झसाइटमधली भेटच.

कोण येतं, कशासाठी येतं

सगळे सारख्या परिस्थितीतून येत नाहीत, आणि हे सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. एक मोठा वर्ग हिवाळी पाहुण्यांचा, ज्यांना स्नोबर्ड म्हणतात. मिनेसोटा, मोंटाना, ओरेगन, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान इथले. उन्हाळ्यात त्यांना घर आहे, शेत आहे, नातवंडं आहेत. बर्फ पडायला लागला की ते खाली येतात. कॅनडावाल्यांना वर्षात साधारण सहा महिन्यांहून अधिक अमेरिकेत राहता येत नाही, आणि फार दिवस बाहेर राहिलं तर आपल्या प्रांताच्या आरोग्यविम्याचा हक्क जातो. ते कॅलेंडरवर दिवस मोजून येतात आणि मोजून परततात.

दुसरा वर्ग घर विकून बारा महिने रस्त्यावर राहणाऱ्यांचा. आणि तिसरा, ज्यांना घर विकावं लागलं किंवा ज्यांच्याकडे विकण्यासारखं घर उरलंच नव्हतं त्यांचा. २००८च्या मंदीनंतर तो वाढला. नेवाडातलं एम्पायर हे कारखान्याचं गाव. २०११मध्ये जिप्समचा कारखाना बंद पडला आणि गावाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. अशा माणसांवरचं जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७मध्ये आलं. त्यावरून क्लोई झाओ यांनी केलेला, एम्पायरमधून सुरू होणारा चित्रपट २०२०चा, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांच्याबरोबर लिंडा मे, स्वँकी, बॉब वेल्स या खऱ्या भटक्या माणसांनी स्वतःच्याच भूमिका केल्या, आणि काही भाग क्वार्ट्झसाइटच्या माळावर चित्रित झाला. ही माणसं ऑक्टोबरात उत्तरेकडे बीटच्या कापणीला जातात, नाताळाआधी ऑनलाइन दुकानांच्या गोदामांत पाळ्या करतात, उन्हाळ्यात सरकारी मुक्कामतळांवर राखणदारी करतात. मधल्या काळात, हाडं दुखत असताना, जिथे भाडं नाही आणि ऊन आहे अशा जागी येतात. त्यांच्या कष्टांना भटकंतीचं गोड नाव देऊन मोकळं होणं अन्यायाचं आहे. आयुष्यभर राबलेल्या बाईला म्हातारपणी व्हॅनमध्ये झोपावं लागतं, ही त्या श्रीमंत देशानं विचार करण्याची गोष्ट आहे.

पण याच वर्गातून मैत्रीची सगळ्यांत जाणीवपूर्वक केलेली व्यवस्था उभी राहिली. बॉब वेल्स अलास्कात किराणा दुकानात कामाला होते. १९९५मध्ये घटस्फोटानंतर दोन ठिकाणची भाडी परवडेनात, तेव्हा ते एका जुन्या व्हॅनमध्ये राहायला गेले. पुढे त्यांनी गाडीत राहणाऱ्यांसाठी क्वार्ट्झसाइटजवळ दर जानेवारीला मेळावा सुरू केला, रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू या नावाचा. सुरुवातीला काही डझन माणसं. दहा वर्षांच्या आत हजारो. सकाळी वर्ग भरतात: थोड्या विजेत कसं भागवायचं, बादलीचा संडास कसा स्वच्छ ठेवायचा, रात्री मुक्कामाला जागा कशी निवडायची. पहिल्यांदा आलेल्या एकट्या माणसाला वर्गात काय शिकवलं हे पुढे आठवत असेल-नसेल, पण शेजारच्या गाडीतल्या माणसाचा फोन नंबर त्याच्याकडे राहतो. परत निघताना चार गाड्या एकामागोमाग एकाच दिशेला जातात.

अशी मंडळं इथे कितीतरी आहेत. हॅम रेडिओवाल्यांचा जानेवारीत ‘क्वार्ट्झफेस्ट’ भरतो, माळावर उंच अँटेना उभ्या राहतात. ‘लोनर्स ऑन व्हील्स’ ही एकट्या माणसांची संघटना. विधवा, विधुर, घटस्फोटित, अविवाहित. दोन सदस्यांनी एकत्र संसार थाटला तर त्यांनी संघटना सोडायची असा तिचा नियम, कारण जोडप्यांच्या घोळक्यात एकट्याला परकं वाटू नये म्हणूनच ती निघाली. आणि ‘एस्केपीज’. जो आणि के पीटरसन या जोडप्यानं १९७८मध्ये ती स्थापली. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथे तिचं मोठं केंद्र आहे. सदस्यांनी भेटल्यावर एकमेकांना मिठी मारायची ही त्यांची रीत. पण मिठीहून मोलाच्या दोन सोयी त्यांनी केल्या. एक, टपाल. ज्याला घर नाही त्याला कायदेशीर पत्ता मिळतो. पत्रं तिथे जमा होतात आणि तो असेल त्या गावी पाठवली जातात. दुसरी, शुश्रूषेचं केंद्र. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्याला गाडी चालवता येत नाही, त्यानं आपली आरव्ही तिथे आणून उभी करायची आणि स्वतःच्याच गाडीत, स्वतःच्याच अंथरुणात राहायचं. जेवण आणि देखभाल तिथून मिळते. मित्र रस्त्यावरून जाता-येता वाट वाकडी करून तिथे भेटायला थांबतात.

जे उन्हाळ्यात राहतात

एप्रिलचा मध्य आला की परवाने संपतात. दगडांची अंगणं मोकळी होतात. बाजारातले तंबू उतरतात, पुष्कळ दुकानांना कुलपं लागतात. मागे राहतात ते गावाचे दोन-अडीच हजार रहिवासी. त्यातले बरेच जण स्वतः कधीकाळी हिवाळी पाहुणे म्हणून आले आणि एका वर्षी परत गेलेच नाहीत. त्यांचं वयही उतारावरचंच. गावाचं मध्यक वय साठीच्या पुढे आहे. मोठं रुग्णालय गावात नाही. उपचारांसाठी ब्लाइदला किंवा उत्तरेला पार्करला जायचं. दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, कामं पहाटे उरकायची. हिवाळ्यात लाखो माणसांना पाणी, गॅस, सुटे भाग, ग्रंथालय पुरवणारं हे गाव उन्हाळाभर त्यांची वाट बघत, स्वतःला तगवत असतं. माळावरच्या मैत्रीचा एक खांब या माणसांच्या खांद्यावर आहे. कुणीतरी जागेवर राहिलं, म्हणून बाकीच्यांना परत यायला ठिकाण उरलं.

पॉल विनर हे अशा रहिवाशांपैकी सगळ्यांत प्रसिद्ध. संगीतकार, पियानोवादक. त्यांनी क्वार्ट्झसाइटच्या मुख्य रस्त्यावर ‘रीडर्स ओअ‍ॅसिस’ हे पुस्तकांचं दुकान चालवलं. कमरेला जेमतेम झाकेल एवढ्याच वस्त्रावर ते दुकानात वावरत, त्यामुळे पर्यटक फोटो काढायला येत. पण आरव्हीतल्या वाचकांना ते दुकान जुनी पुस्तकं देऊन दुसरी न्यायचं ठिकाण होतं. चाकांवरच्या घरात कपाट भरून पुस्तकं ठेवता येत नाहीत. २०१९मध्ये विनर वारले.

त्यांची मुलगी सेलिया १९९४मध्ये आठ वर्षांची असताना गेली. तिच्या नावानं गावात एक बाग आहे, सेलियाज रेनबो गार्डन्स. गावकरी आणि हिवाळी पाहुणे यांनी मिळून ती वाढवली. निवडुंग, वाळवंटी झाडं, त्यांमधून वाटा, आणि वाटांकडेला गेलेल्या माणसांच्या आठवणीत मांडलेल्या पाट्या आणि दगड. कुठे खेड्यात जन्मलेला, कुठल्या शहरात नोकरी केलेला, कुठल्या राज्यात पुरलेला माणूस. पण त्याचं नाव इथे, कारण त्याचे मित्र इथे जमतात. ज्या वयात ही माणसं भेटतात, त्या वयात दर हंगामाला कुणीतरी येत नाही. नोव्हेंबरात ओळखीच्या झुडपाशेजारची जागा रिकामी दिसते, मग चौकशी होते, मग एखाद्या संध्याकाळी शेकोटीभोवती त्याचं नाव निघतं. पत्नी गेली तरी पती पुढच्या वर्षी एकटा येतो, पती गेला तर पुष्कळदा बायका गाडी चालवायला शिकून येतात. त्यांना ट्रेलर मागे घ्यायला, टाक्या रिकाम्या करायला शिकवायचं काम मित्रमंडळ करतं.

परत येण्याची जबाबदारी

हे सगळं आपल्याला फार परकं वाटू नये. दिवाळी झाली की पठारावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या ठरलेल्या गावांत, ठरलेल्या खाचरांत वाडा बसवतात. मेंढरांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं, आणि त्या देवघेवीतून दोन कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख राहते. पावसाआधी वाडा परत फिरतो. शेतकऱ्याला माहीत असतं की पुढच्या साली तो येणार. क्वार्ट्झसाइटची माणसं मेंढपाळ नाहीत, त्यांचा इतिहास वेगळा आहे. पण फिरत्या माणसाला मित्र असायचे तर येण्याचा काळ ठरलेला हवा, जागा ठरलेली हवी, आणि दोन्ही बाजूंनी काही द्यायला हवं, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उलट परिस्थिती आहे. पत्ता पक्का आहे, सदनिका स्वतःची आहे, दारावर नावाची पाटी आहे. मुलं पुण्याहून बंगळूरला किंवा थेट अ‍ॅरिझोनात. चाळ पाडून मनोरा झाला, शेजारी पांगले. बँकेतले, शाळेतले, गिरणीतले जुने सोबती एकाच शहराच्या दोन टोकांना राहतात आणि ‘भेटू एकदा’ म्हणत दहा वर्षं भेटत नाहीत. एकमेकांवर प्रेम नाही असं नाही. भेटीची तारीख नाही, जागा नाही, आणि कुणी बोलावलं तर त्याच्या घरच्या बाईला त्रास होईल हा संकोच आहे.

वाळवंटातल्या या माणसांनी त्या तिन्ही अडचणींवर साधे उपाय काढले. तारीख हंगामाला बांधली, म्हणजे ती दरवर्षी नव्यानं ठरवावी लागत नाही. जागा सगळ्यांची, म्हणजे कुणाच्या घराची ऐपत तपासली जात नाही. आणि भार प्रत्येकानं आपापला उचलायचा. त्यांच्यातल्या अनेकांनी खूप काही गमावलं आहे: घर, नोकरी, जोडीदार. जे गमावलं ते परत येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून जे हातात आहे, ते नशिबावर न सोडता ते नेमानं करतात. पेट्रोलचे पैसे बाजूला टाकतात, टायर तपासतात, दोन हजार किलोमीटर गाडी हाकतात.

म्हातारपणाच्या तयारीत आपण पैशांचा, औषधांचा, सदनिकेच्या लिफ्टचा विचार करतो. मित्रांचाही तितक्याच व्यवहारी नजरेनं करायला हवा: कोण, कुठे, कोणत्या महिन्यात, आणि कुणी काय आणायचं. हा विचार चाळिशीत सुरू केला तर सत्तरीत उपयोगी पडतो. या दिवाळीत फराळाचा डबा कुणाकडे नेण्याआधी फोन उचला आणि पुढच्या वर्षीची तारीखही आत्ताच ठरवून टाका.